मालक, मुनीम आणि मुकादम : अमेरिकन फुटबॉलमधील नोकऱ्यांचा बाजार

अमेरिकेत एक धंदा असा आहे की ज्यात दरवर्षी जानेवारीच्या सुरुवातीच्या एका सोमवारी आणि त्याच्या आगेमागे पाच-सहा मोठ्या पगाराच्या माणसांना घरी पाठवले जाते, आणि घरी बसल्यावरही त्यांचा पगार बहुधा चालूच राहतो. त्या दिवसाला तिकडे 'काळा सोमवार' असेच नाव पडले आहे. हा धंदा म्हणजे व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल, आणि तो चालवणारी संस्था म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग, संक्षेपाने एनएफएल.

आपल्याकडे फुटबॉल म्हटले की पायाने खेळायचा गोल चेंडू डोळ्यांसमोर येतो. हा खेळ तो नव्हे. दोन्ही टोकांना निमुळता असलेला चेंडू हातात घेऊन, शिरस्त्राण आणि खांद्यावर संरक्षक कवच घालून, अकरा-अकरा माणसे एकमेकांना पाडत पुढे सरकतात. खेळाचे नियम समजले नाहीत तरी आपले अडणार नाही. व्यापाराच्या पानावर हा विषय घेण्याचे कारण त्यातील नोकरभरतीची आणि बडतर्फीची रीत हे आहे. मालकाचा पैसा, कारभाऱ्याची खरेदी आणि कामावर उभ्या असलेल्या माणसाची जबाबदारी यांचा हिशेब इतक्या उघडपणे दुसऱ्या कोणत्या धंद्यात क्वचितच पाहायला मिळेल. शिवाय या कथेतील एक मोठा मालक लाहोरात जन्मलेला आहे, तेव्हा आपल्या वाचकांना थोडी अधिक उत्सुकता वाटणे साहजिकच आहे.

लीगमध्ये ३२ संघ आहेत. २०२१पासून प्रत्येक संघ हंगामात १७ सामने खेळतो. प्रत्येक संघाच्या यादीत ५३ खेळाडू असतात. संघाच्या कारभारात तीन माणसे महत्त्वाची. पहिला मालक. दुसरा जनरल मॅनेजर. याला आपण पेढीवरचा मुनीम समजू. कोणता खेळाडू घ्यायचा, कोणाशी किती वर्षांचा करार करायचा, कोणाला सोडायचे, ही सगळी खरेदी-विक्री त्याच्या हातात असते. तिसरा प्रमुख प्रशिक्षक, म्हणजे हेड कोच. हा मुकादम. मुनिमाने आणलेल्या मालावर काम करून दर रविवारी निकाल दाखवणे हे त्याचे काम. माल वाईट होता की कारागिरी वाईट होती, हा वाद आपल्या कारखान्यांत जसा असतो तसाच तिथेही असतो, आणि बहुतेक बडतर्फींच्या मुळाशी हाच वाद सापडतो.

मग आधी मुकादमच का जातो? याचे उत्तर लीगच्या हिशेबाच्या नियमांत आहे. खेळाडूंच्या पगारावर १९९४पासून कमाल मर्यादा आहे. २०२४मध्ये ती प्रत्येक संघाला २५ कोटी ५४ लाख डॉलर होती, तर २०२५मध्ये २७ कोटी ९२ लाख डॉलर. मालक कितीही श्रीमंत असला तरी यापलीकडे त्याला जाता येत नाही. खेळाडूला मध्येच काढले तर त्याला आगाऊ दिलेल्या आणि हमी दिलेल्या रकमेचा बोजा संघाच्या मर्यादेतून वजा होतो. डेन्व्हरच्या संघाने मार्च २०२४मध्ये रसेल विल्सन या खेळाडूला सोडले तेव्हा असा साडेआठ कोटी डॉलरचा बोजा त्यांच्या खात्यावर पडला. तो एका वर्षात नव्हे, दोन वर्षांत वाटून फेडावा लागला. प्रशिक्षकाच्या आणि मुनिमाच्या पगाराला मात्र अशी कोणतीही मर्यादा नाही. त्यांना काढले तर तो पैसा सरळ मालकाच्या खिशातून जातो, संघाच्या ताकदीवर त्याचा परिणाम होत नाही. पन्नास खेळाडू बदलणे कायद्याने अवघड आणि एक माणूस बदलणे फक्त पैशाचा प्रश्न, अशी स्थिती असल्यावर मालक काय करणार हे सांगायला नको.

प्रमुख प्रशिक्षकाचा करार साधारणपणे चार-पाच वर्षांचा असतो आणि त्याचा पगार हमीचा असतो. दुसऱ्या वर्षी काढले तरी उरलेल्या वर्षांची रक्कम द्यावीच लागते. त्यात एक कलम बहुधा असते : काढलेल्या माणसाला दुसरीकडे नोकरी मिळाली, तर तिथला पगार जुन्या मालकाच्या देण्यातून वजा व्हायचा. कॅरोलायना पँथर्स या संघाने २०२०मध्ये मॅट रूल यांना सात वर्षांसाठी नेमले. कराराची रक्कम सहा कोटी डॉलरच्या वर असल्याचे तेव्हा छापून आले होते. ऑक्टोबर २०२२मध्ये, म्हणजे तिसऱ्याच हंगामात पाच सामन्यांनंतर त्यांना काढले. महिना-दीड महिन्यात त्यांना नेब्रास्का विद्यापीठाने घेतले आणि पँथर्सचा भार हलका झाला. त्यांच्या जागी पुढच्या वर्षी फ्रँक राइक आले. तेही ११ सामन्यांत एक विजय आणि दहा पराभव झाल्यावर गेले. हे राइक आदल्याच वर्षी इंडियानापोलिसच्या संघातून बडतर्फ झालेले होते. एकाच माणसाला लागोपाठ दोन हंगामांत दोन मालकांनी हंगामाच्या मध्येच काढण्याचा हा प्रकार त्या बाजारातही दुर्मिळच.

येथे कोणी विचारील की हरणाऱ्या संघाच्या मालकाचे असे काय नुकसान होते? प्रश्न रास्त आहे. दूरचित्रवाणीच्या हक्कांचे व लीगच्या इतर सामाईक व्यवहारांचे उत्पन्न सर्व संघांना समान वाटले जाते. ग्रीन बे पॅकर्स हा एकमेव संघ लाखो लहान भागधारकांच्या मालकीचा असल्यामुळे आपला ताळेबंद जाहीर करतो, आणि त्यातून सर्वांचाच आकडा कळतो. २०२४च्या आर्थिक वर्षात हा समान वाटा ४० कोटी २३ लाख डॉलर होता आणि २०२५मध्ये ४३ कोटी २६ लाख डॉलर. म्हणजे एकही सामना न जिंकता, एकही तिकीट न विकता खेळाडूंचा सगळा पगार भागतो आणि वर शिल्लक राहते. इंग्लंडच्या फुटबॉलप्रमाणे तळाच्या संघाला खालच्या वर्गात ढकलण्याचीही पद्धत नाही. वॉशिंग्टनचा संघ वर्षानुवर्षे रडतखडत चाललेला असताना २०२३मध्ये ६०५ कोटी डॉलरला विकला गेला!

तरीही मालक बदल करतो याची कारणे दोन-तीन आहेत. मैदानावरील तिकिटे, श्रीमंतांच्या खास खोल्या, स्थानिक जाहिराती हे उत्पन्न संघाच्या यशावर हलते. नव्या मैदानासाठी शहराकडून पैसा मागायचा तर शहरात संघाविषयी आपुलकी असावी लागते. आणि तिसरे, जे हिशेबात दाखवता येत नाही, ते म्हणजे आशा. जानेवारीत नवा प्रशिक्षक आणला की सप्टेंबरपर्यंत लोकांना आशा विकता येते. हा माल स्वस्त नाही, परंतु त्याला गिऱ्हाईक दरवर्षी मिळते.

आता आपल्या लाहोरच्या मालकाकडे वळू. शाहिद खान १९६७ साली सोळाव्या वर्षी शिकण्यासाठी अमेरिकेत इलिनॉयला गेले. ताशी एक डॉलर वीस सेंटवर भांडी घासण्याचे काम त्यांनी केले ही गोष्ट ते स्वतः अनेकदा सांगतात. इंजिनीअर होऊन मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या फ्लेक्स-एन-गेट कंपनीत लागले. पुढे ट्रकसाठी एकसंध पत्र्याचा बंपर तयार करण्याचा स्वतःचा छोटा कारखाना काढला आणि १९८०मध्ये जिथे नोकरी केली होती तीच कंपनी विकत घेतली. २०१०मध्ये त्यांनी सेंट लुईसच्या संघाचा मोठा हिस्सा घेण्याचा प्रयत्न केला; पण तेथील भागीदाराने आपला आधी विकत घेण्याचा हक्क बजावला आणि सौदा हातचा गेला. आपल्याकडे ज्याला हक्के शुफा म्हणतात त्याच जातीचा हा प्रकार. पुढच्याच वर्षी फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल जॅग्वार्स हा संघ घेण्याचे त्यांनी ठरवले आणि जानेवारी २०१२मध्ये तो त्यांच्या ताब्यात आला. किंमत ७७ कोटी डॉलरच्या आसपास असल्याचे छापून आले होते. गोऱ्या नसलेल्या माणसाकडे एनएफएलच्या संघाची मालकी येण्याची ही पहिली वेळ.

दुकान ताब्यात घेताना जुना माल, जुनी देणी आणि जुने नोकर सोबत येतात. जुन्या मालकाने विक्री जाहीर केली त्याच दिवशी हेड कोचला काढले, पण जनरल मॅनेजर जीन स्मिथ यांचा करार मात्र तीन वर्षांनी वाढवून दिला. खान यांनी त्यांना वर्षभर ठेवले. त्या वर्षी नव्या खेळाडूंच्या वाटपात स्मिथ यांनी ७०व्या क्रमांकाला एक पंटर घेतला, म्हणजे केवळ चेंडू लांब लाथाडून देणारा माणूस. जॅग्वार्सना गरज होती ती क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या आणि संघ चालवणाऱ्या मुख्य खेळाडूची. पाच क्रमांकांनंतर, ७५व्या जागी सिअॅटलने रसेल विल्सन यांना उचलले, आणि दोन वर्षांच्या आत ते विजेते झाले. जॅग्वार्सने त्या हंगामात १६पैकी १४ सामने गमावले. ३१ डिसेंबर २०१२ला स्मिथ गेले.

वर ज्या वाटपाचा उल्लेख आला त्याला ड्राफ्ट म्हणतात. विद्यापीठांतून बाहेर पडणारे खेळाडू संघांनी आळीपाळीने निवडायचे आणि सर्वांत वाईट संघाने सर्वांत आधी निवडायचे अशी ती पद्धत आहे. मुनिमाची खरी परीक्षा इथे होते.

स्मिथ यांच्या जागी अटलांटाहून डेव्ह कॉल्डवेल आले आणि आल्या आल्या त्यांनी एकच वर्ष झालेल्या माइक मुलार्की या प्रशिक्षकाला काढले. मुलार्की यांचा दोष असो वा नसो, नवा मुनीम आपला मुकादम आणतोच. हा या धंद्यातील अलिखित नियम आहे. गस ब्रॅडली आले. खान यांनी त्यांना जवळजवळ चार हंगाम दिले. निकाल १४ विजय आणि ४८ पराभव. १८ डिसेंबर २०१६ला ह्यूस्टनमधील सामना हरल्यानंतर लगेच त्यांना काढल्याचे जाहीर झाले, आणि ते त्याच संघासोबत त्याच विमानाने घरी परतले. काढायचेच होते तर माणूस घरी पोचेपर्यंत थांबता आले असते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

ब्रॅडली यांच्याबरोबर आणखी एक गृहस्थ जॅक्सनव्हिलमध्ये होते, आणि त्यांची हकीकत सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. रॉबर्ट सालेह हे मिशिगनमधील डिअरबॉर्न या अरबवस्तीच्या शहरातले, लेबनानी घराण्यातले. सुरुवातीला ते बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्याच्या नोकरीत होते. ११ सप्टेंबर २००१ रोजी त्यांचा भाऊ न्यू यॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्रात होता, तो वाचला. त्यानंतर बँकेतली पक्की नोकरी सोडून आपल्याला आवडते तेच करायचे असे सालेह यांनी ठरवले आणि २००२मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात अगदी तळाच्या मदतनिसापासून सुरुवात केली. ह्यूस्टन, सिअॅटल असे करत २०१४ ते २०१६ ते जॅग्वार्समध्ये सहायक होते. प्रमुख गेला की त्याच्या हाताखालची माणसेही विखुरतात. एकेका संघात वीस-पंचवीस सहायक असतात. त्यांचे करार लहान, पगार प्रमुखाच्या मानाने फारच कमी, आणि खेळाडूंप्रमाणे त्यांच्या वतीने सामुदायिक करार करणारी संघटना त्यांना नाही. नवा प्रमुख बहुधा आपली माणसे घेऊन येतो. मुलांच्या शाळा, भाड्याची घरे, बायकोची नोकरी, सगळे दर दोन-तीन वर्षांनी उचलून दुसऱ्या राज्यात न्यायचे. वर्तमानपत्रांत एका माणसाची बडतर्फी छापून येते. प्रत्यक्षात वीस घरे हलतात.

सालेह यांचे नशीब बरे. २०१७मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने त्यांना बचावाचे प्रमुख केले. तिथे नाव झाले आणि जानेवारी २०२१मध्ये न्यू यॉर्क जेट्सने त्यांना हेड कोच नेमले. या लीगमधले ते पहिले मुस्लिम हेड कोच. २०२३मध्ये जेट्सने आरन रॉजर्स हा नामांकित क्वार्टरबॅक आणला, आणि पहिल्याच सामन्यात चौथ्या डावपेचाला त्याच्या पायाची शीर तुटली, वर्ष गेले. ८ ऑक्टोबर २०२४ला, पाच सामन्यांत दोन विजय असताना, मालक वूडी जॉन्सन यांनी सालेह यांना काढले. संघ बदलीच्या माणसाखाली सुधारला का? उरलेल्या बारांत तीनच सामने जिंकले. नोव्हेंबरमध्ये मुनीम जो डग्लस यांनाही निरोप मिळाला. सालेह २०२५मध्ये पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोत आपल्या जुन्या कामावर गेले. हंगामाच्या मध्येच प्रमुख बदलण्याने नौका तरते, या समजुतीला जेट्सच्या हिशेबात तरी आधार सापडत नाही.

कोणाला काढायचे याबरोबरच कोणाला बोलवायचे हाही प्रश्न आहे, आणि तो अधिक नाजूक आहे. लीगमधील निम्म्याहून अधिक खेळाडू कृष्णवर्णीय, पण प्रमुखपदे बहुतेक गोऱ्यांकडे. १९२१मध्ये फ्रिट्झ पोलार्ड या कृष्णवर्णीयाने अॅक्रनच्या संघाचे प्रशिक्षकपद सांभाळले होते. त्यानंतर दुसरा येण्यास १९८९ साल उजाडले. जानेवारी २००२मध्ये टोनी डंजी आणि डेनिस ग्रीन या दोन यशस्वी कृष्णवर्णीय प्रशिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. जॉनी कॉक्रन आणि सायरस मेहरी या वकिलांनी त्याच वर्षी आकडेवारीसह अहवाल काढून न्यायालयाची भाषा केली. तेव्हा पिट्सबर्गचे मालक डॅन रूनी यांच्या पुढाकाराने २००३पासून नियम आला की प्रमुख प्रशिक्षक नेमण्याआधी निदान एका अल्पसंख्य उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे. त्याच वर्षी डेट्रॉइटने ठरवलेल्या माणसालाच नेमले म्हणून त्यांना दोन लाख डॉलर दंड झाला. २००९मध्ये हा नियम जनरल मॅनेजरच्या पदालाही लागू झाला आणि पुढे तो आणखी कडक करण्यात आला. २०२०मध्ये दंडाबरोबर बक्षीसही आले : ज्या संघाचा अल्पसंख्य कर्मचारी दुसरीकडे प्रमुख किंवा मुनीम होईल, त्या संघाला ड्राफ्टमध्ये जादा निवडी मिळतात.

परंतु मुलाखत घेणे एक आणि मनापासून घेणे दुसरे. ब्रायन फ्लोरेस यांना जानेवारी २०२२मध्ये मायामीने काढले, तेही १७पैकी ९ सामने जिंकल्यानंतर. न्यू यॉर्क जायंट्सकडे मुलाखत ठरलेली होती. ती होण्याच्या काही दिवस आधी जुने गुरू बिल बेलिचिक यांचा अभिनंदनाचा संदेश आला. फ्लोरेस यांनी विचारपूस केली तेव्हा कळले की संदेश चुकून आला. नोकरी दुसऱ्या ब्रायनला, म्हणजे ब्रायन डेबोल यांना मिळणार होती. ज्या जागेवरचा माणूस ठरला आहे तिच्या मुलाखतीला चांगले कपडे घालून जाणे काय असते, हे आपल्याकडच्या पदवीधर तरुणांना समजावून सांगायला नको. फ्लोरेस यांनी १ फेब्रुवारी २०२२ रोजी लीगवर आणि संघांवर दावा लावला. त्या दिवशी ३२ संघांत एकच कृष्णवर्णीय हेड कोच होता. लीगचे म्हणणे असे की करारानुसार वाद लीगच्याच आयुक्तापुढे लवादात जावा. प्रतिवादीनेच न्यायाधीश व्हायचे! ऑगस्ट २०२५मध्ये अपील न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. फ्लोरेस २०२३पासून मिनेसोटात बचावाचे काम पाहू लागले होते. म्हणजे दावा चालू असताना त्याच लीगच्या पगारावर.

प्रशिक्षकाचा करार चालू असेल तर त्याची अदलाबदलही होते, हे ऐकून वाचकांना नवल वाटेल. टँपा बे संघाने डंजी यांना काढले तेव्हा ओकलंडच्या जॉन ग्रूडेन यांच्यासाठी ड्राफ्टमधल्या दोन पहिल्या फेरीच्या आणि दोन दुसऱ्या फेरीच्या निवडी व वर ८० लाख डॉलर मोजले. पुढच्याच जानेवारीत अंतिम सामना नेमका ओकलंडशी पडला, आणि आपल्या जुन्या संघाचे सगळे संकेत माहीत असलेल्या ग्रूडेन यांनी त्यांना धुऊन काढले. डंजी यांनाही वाईट दिवस आले नाहीत. इंडियानापोलिसला जाऊन त्यांनी फेब्रुवारी २००७मध्ये विजेतेपद मिळवले, आणि असे करणारे ते पहिले कृष्णवर्णीय हेड कोच ठरले. ज्या रूनी घराण्याचे नाव त्या नियमाला आहे त्यांच्या पिट्सबर्गमध्ये मात्र १९६९ ते २०२५ या ५७ हंगामांत तीनच हेड कोच झाले. तोच खेळ, तेच नियम, तीच पगारमर्यादा.

खान यांच्या दुकानात मात्र वर्दळ थांबली नाही. २०१७मध्ये त्यांनी मुनीम आणि मुकादम या दोघांच्या डोक्यावर टॉम कॉफलिन या जुन्या, कडक शिस्तीच्या माणसाला बसवले. पहिल्या वर्षी संघ उपांत्य फेरीत पोचला आणि २४-२० असा थोडक्यात हरला. त्या एका वर्षाच्या भरवशावर क्वार्टरबॅक ब्लेक बोर्टल्स यांना तीन वर्षांचा पाच कोटी ४० लाखांचा करार दिला. वर्षभरात त्यांना सोडावे लागले. त्यांच्या जागी आठ कोटी ८० लाखांचे निक फोल्स आले आणि पहिल्याच सामन्यात त्यांच्या गळपट्टीचे हाड मोडले. दरम्यान कॉफलिन खेळाडूंना दंड करत सुटले होते. एका खेळाडूला ऐच्छिक उपचारांना आला नाही म्हणून सात लाख डॉलरच्या वर दंड केला. लवादाने तो रद्द ठरवला. खेळाडूंच्या संघटनेने जाहीर पत्रक काढले की गेल्या दोन वर्षांत खेळाडूंनी केलेल्या तक्रारींपैकी पाव हिश्शाहून अधिक या एका संघाविरुद्ध आहेत, तेव्हा इथे सही करण्याआधी विचार करा. कारखान्याची अशी बदनामी झाल्यावर चांगला कारागीर कोठून येणार? दोन-तीन दिवसांतच, डिसेंबर २०१९मध्ये कॉफलिन यांना काढण्यात आले.

२०२०मध्ये संघाने एक सामना जिंकला आणि १५ हरले. मुनीमही गेला, मुकादमही गेला. विद्यापीठांत तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवलेले अर्बन मायर यांना खान यांनी आणले. त्यांना व्यावसायिक लीगचा अनुभव शून्य होता. एकामागून एक लाजिरवाणे प्रकार झाले आणि १३ सामन्यांनंतर, १६ डिसेंबर २०२१च्या मध्यरात्रीनंतर त्यांना बडतर्फ केल्याचे जाहीर झाले. मुनीम ट्रेंट बाल्की यांना मात्र खान यांनी ठेवले. तेव्हा हंगामाच्या शेवटच्या सामन्याला शेकडो प्रेक्षक विदूषकाचे कपडे घालून मैदानावर आले. गिऱ्हाइकाने मालकाला इतक्या स्पष्ट भाषेत सांगितलेले क्वचितच पाहायला मिळते. खान बधले नाहीत. २०२२मध्ये डग पेडरसन आले, त्या वर्षी संघाने गटात पहिला क्रमांक मिळवला. त्यानंतर घसरण झाली आणि २०२४मध्ये १७पैकी चारच विजय हाती लागले. याच २०२४च्या जून महिन्यात शहराच्या नगर परिषदेने मैदानाच्या नूतनीकरणासाठी आपल्या तिजोरीतून ७७ कोटी ५० लाख डॉलर मंजूर केले होते. संघाच्या खरेदीसाठी जी किंमत छापून आली होती, जवळपास तेवढीच रक्कम.

६ जानेवारी २०२५, काळा सोमवार. पेडरसन यांना काढले. बाल्की यांना याही वेळी ठेवले. नव्या उमेदवारांनी चौकशी सुरू केली तेव्हा हीच गोष्ट आड येऊ लागली. ज्या मुनिमाच्या हाताखाली दोन मुकादम गेले त्याच्याकडे तिसरा होऊन कोण जाणार? टँपा बेच्या आक्रमणाचे प्रमुख लिअम कोएन यांचे नाव पुढे होते. २२ जानेवारीला त्यांनी दुसऱ्या मुलाखतीला येत नसल्याचे कळवले. टँपाने त्यांना मोठी पगारवाढ देऊ केल्याच्या बातम्या आल्या. त्याच दिवशी खान यांनी बाल्की यांना निरोप दिला. दुसऱ्या दिवशी कोएन गुपचूप जॅक्सनव्हिलमध्ये होते आणि टँपाची माणसे त्यांना फोन लावत होती. शुक्रवारी नेमणूक जाहीर झाली. सही झालेली नव्हती, तेव्हा कायद्याने कोएन मोकळेच होते. पण शब्द दिल्यावर जुन्या मालकाचा फोन न उचलणे ही रीत बरी नव्हे, असे टँपातच नव्हे तर बाहेरही पुष्कळांनी म्हटले. आणि खान यांनी जे दोन आठवड्यांपूर्वी, किंवा खरे तर विदूषकांच्या त्या दुपारी करायचे, ते एका नकारानंतर काही तासांत केले.

फेब्रुवारीत जेम्स ग्लॅडस्टोन हे ३४ वर्षांचे गृहस्थ मुनीम म्हणून आले. येथे क्रम उलटा झाला हे ध्यानात घ्यावे. आधी मुकादम ठरला, मग मुनीम. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये ग्लॅडस्टोन यांनी ट्रॅव्हिस हंटर या तरुणासाठी पाचव्या क्रमांकावरून दुसऱ्यावर उडी घेतली आणि त्यासाठी इतर निवडींबरोबर २०२६ची पहिल्या फेरीची निवडसुद्धा देऊन टाकली. हंटर यांचा गुडघा हंगामाच्या मध्येच दुखावला आणि ते उरलेले सामने खेळू शकले नाहीत. तरीही संघाने १७पैकी १३ सामने जिंकून गटात पहिला क्रमांक मिळवला आणि बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात बफेलोकडून २७-२४ असा हरला. २०२६च्या एप्रिलसाठी त्यांच्याकडे पहिल्या फेरीची निवड नव्हती. ती क्लीव्हलँडच्या खात्यावर जमा झाली होती.